बाथरूम काढलंय

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांनी ते विकून पाहिलेलं नसतं. बांधताना चुका आपण करतो. विकताना त्या लोक शोधतात, आपल्याच घरात उभे राहून, आपलाच चहा पीत.

शूरच्या घरी असा चहा पिऊन बरीच माणसं गेली होती. शूर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कुठलंही काम धडाक्यात सुरू करायचं आणि अर्ध्यावर सोडायचं, या त्याच्या गुणाची दखल घेऊन सासऱ्यांनी त्याला लग्नानंतर लगेचच ‘आरंभशूर’ ही पदवी बहाल केली होती. वापरून वापरून पदवीचा पुढचा भाग झिजला आणि ‘शूर’ तेवढं उरलं. शूरचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. अर्धवट राहायचंच तर असं राहावं, एवढंच तो म्हणायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. उजेड भरपूर, वारा फुकट, लिफ्ट नाही. या शेवटच्या गोष्टीपायी तर घर विकायचं होतं. शूरच्या आईचे गुडघे आणि जिना यांचं बोलणं बंद झाल्याला बराच काळ लोटला होता. डॉक्टरकडे जायचं तेवढं ती उतरायची, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, आणि प्रत्येक वळणावर एक मुक्काम. एरवी ती खिडकीत बसून रस्त्यावरून चालणाऱ्यांकडे बघायची आणि कोण कसं चुकीचं चालतं ते घरच्यांना सांगायची.

दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. दार उघडलं की सरळ गल्ली, मध्ये एकही पायरी नाही. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. आईशी फोनवर बोलून त्या इतक्या खूश झाल्या की महिनाअखेरपर्यंत घर कुणाला देणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. मात्र त्यानंतरचं भाचा ठरवेल, असंही म्हणाल्या. भाच्याने आपलं गिऱ्हाईक आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे महिना संपायच्या आत हे घर विकायचं, नाहीतर आईने उरलेलं आयुष्य खिडकीतून चालायचं.

गिऱ्हाइकं येत होती. हॉल बघून माना डोलवायची, स्वयंपाकघर बघून एकमेकांकडे बघून हसायची. मग एजंट बाथरूमचं दार उघडायचा आणि म्हणायचा, “आणि हे बाथरूम.” जरा जास्त झालेल्या धाकट्या काकाची ओळख करून द्यावी, तसा सूर. त्यानंतर चहाचे कप भराभर रिकामे व्हायचे आणि कुणाला तरी कुठेतरी जायचं असल्याचं आठवायचं.

बाथरूमच्या टाइल्स शेवाळी रंगाच्या होत्या. शेवाळ धरलं तरी कळू नये, म्हणून बिल्डरने तो रंग निवडला असावा. पुढे शेवाळ खरोखरच आलं आणि दोघांनी आपसात तह करून सीमारेषा पुसून टाकली. नळ थेंब थेंब गळायचा. त्या तालावर सगळ्या घराला इतकी छान झोप लागायची की दुरुस्तीचा विषय कधी निघालाच नाही. वर एक पिवळा बल्ब होता, आणि त्याला जेवढं दिसत होतं त्यात तो समाधानी होता.

“साहेब, घर सगळ्या विषयांत पास आहे,” एजंट एक दिवस म्हणाला. “बाथरूममध्ये उडतंय. थोडा हात फिरवा.”

शूरने त्याच संध्याकाळी एक व्हिडिओ पाहिला. त्यात पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक हसरा माणूस एक गाणं संपायच्या आत, शर्टाला डाग न पाडता, नगण्य खर्चात जुनं बाथरूम नवं करत होता. टाइल्सवर चिकटवायच्या संगमरवरी शीट, पांढरा बल्ब, मोठा आरसा आणि कोपऱ्यात एक झाड. बायकोने विचारलं, प्लंबरला बोलवायचं का? शूर मंद हसला. व्हिडिओ दोनदा पाहिलेला माणूस एकदाही न पाहिलेल्या माणसाकडे बघून हसतो तसा.

पहिली अडचण मात्र कामात आली नाही, भाषेत आली.

इमारतीचे सेक्रेटरी आयुष्यभर कोर्टात कारकून होते. शब्द हा शब्द असतो, या तत्त्वावर त्यांनी नोकरी काढली होती आणि आता इमारत चालवत होते. शूर जाताजाता त्यांना सहज म्हणाला, “काका, रविवारी थोडा आवाज होईल. बाथरूम काढलंय.”

“काढलंय?” सेक्रेटरींनी चष्मा वर केला.

“म्हणजे रविवारी काढणार आहे. आत्ता नुसतं काढलंय.”

सेक्रेटरींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. बाथरूम काढून टाकल्यावर तुम्ही मंडळी कुठे जाणार, हा तुमचा खासगी प्रश्न आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण मूळ बांधकामातली वस्तू काढायची तर सर्वसाधारण सभा भरवावी लागते. शूरने समजावलं की काढलंय म्हणजे काम काढलंय. मग काम काढलंय म्हणा, तुम्ही बाथरूम म्हणालात, असं उत्तर आलं.

“काका, आपण कपाट काढतो तेव्हा काय फेकून देतो का? आवरायला काढतो.”

“कपाटाला सांडपाण्याची लाइन नसते,” सेक्रेटरी म्हणाले.

शूरने हात जोडले. शेवटी कामाचं स्वरूप लेखी द्यायचं ठरलं आणि शूरने विचारपूर्वक लिहून दिलं, ‘बाथरूमला शोभा आणणे’. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ही शोभा कोण? पोटभाडेकरू ठेवणार असाल तर त्याला वेगळा अर्ज लागतो.

दुसऱ्या दिवशी खालच्या बोर्डावर सूचना लागली. ‘तिसऱ्या मजल्यावरील बाथरूम काढण्यात येत आहे. रहिवाशांनी नोंद घ्यावी.’

रहिवाशांनी नोंद घेतली. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने शूरला जिन्यात गाठून सांगितलं की काढायचंच तर स्वयंपाकघर काढा, बाहेरून जेवण मागवता येतं, ही दुसरी सोय बाहेरून मागवता येत नाही. एकाने ही विदेशातली नवी पद्धत आहे का, अशी चौकशी केली. शूरच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकू तर वर येऊन बायकोचा हातच धरून बसल्या. माणसावर वेळ कशी येते सांगता येत नाही, आमच्याकडे खुशाल या, म्हणाल्या. फक्त सकाळची वेळ सोडून. बाथरूमच्या बाबतीत सकाळची वेळ सोडली तर मागे काय उरतं, हे बायकोने विचारलं नाही. तिच्यावर संस्कार चांगले होते.

रविवारी शूरने सर्वप्रथम बल्ब बदलला. पांढरा लखलखीत उजेड पडला आणि घरातली तिन्ही माणसं दारात उभी राहून आत बघत राहिली.

“इतकी वर्षं आपण इथे अंघोळ करत होतो?” बायको म्हणाली.

जुन्या बल्बचे आपल्यावर किती उपकार होते ते त्या क्षणी सगळ्यांना कळलं. पण शूर डगमगला नाही. रोग दिसला म्हणजे अर्धा बरा झाला, असं म्हणून त्याने शीट चिकटवायला घेतल्या. तासाभरात शेवाळाचा संगमरवर झाला. शूर दर दहा मिनिटांनी आत जाऊन भिंतीला हात लावून येत होता, नव्या कारच्या बॉनेटला लावतात तसा. सोमवारी सकाळी त्याने कढत पाण्याने अंघोळ केली, बाथरूमभर वाफ झाली, आणि कुणीतरी मागून येऊन खांद्यावर अलगद हात ठेवल्यासारखं त्याला वाटलं. इतक्या वर्षांनी बायकोला आपली किंमत कळली, या विचाराने त्याने डोळे मिटले. ती शीट होती. मागोमाग दुसऱ्या खांद्यावर दुसरी आली. शूर बाथरूममधून बाहेर पडला तेव्हा अर्धा संगमरवरी होता.

राहता राहिला आरसा. बंद पडलेल्या एका सलूनचा भिंतभर आरसा त्याला जवळजवळ फुकट मिळाला. तो जिन्यातून वर नेताना प्रत्येक मजल्यावर लोकांनी दारात येऊन, आरशात बघून भांग पाडत, तिरका धरा, उभा धरा, असे सल्ले दिले. आरसा दारासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि बाथरूम खरोखरच दुप्पट दिसायला लागलं. व्हिडिओतल्या माणसाचा हा एक तरी शब्द खरा ठरला.

दुपारी बायकोला दिसलं की आई बाथरूमबाहेर खुर्ची टाकून बसली आहे आणि बराच वेळ बसली आहे. का बसलात, असं विचारल्यावर आईने तिला हळू बोलण्याची खूण केली.

“आत कुणी बाई आहेत. घर बघायला आल्या असतील. होऊ दे त्यांचं सावकाश.”

“कोण बाई?”

“चेहरा ओळखीचा वाटला बाई. पण फारच वाकल्यात बिचाऱ्या.”

बायकोने दार उघडून दाखवलं. आई आरशासमोर जाऊन उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग खुर्ची उचलून परत खिडकीशी गेली. जाताना एवढंच म्हणाली, “चालायला पाहिजे मला.”

शूरने ते ऐकलं. आरसा नुसता टेकवून भागणार नाही, तो कायमचा, भिंतीत भक्कम बसला पाहिजे, गिऱ्हाइकाने बघताक्षणी घर घेतलं पाहिजे, असं त्याने मनोमन ठरवलं आणि ऑफिसातल्या मित्राकडून ड्रिल आणलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, त्यात हातात ड्रिल असेल तर अवलक्षण खोलवर जातं. भिंतीतून एक बारीक, सरळ, थंडगार धार निघाली आणि शूरच्या कपाळाच्या मधोमध लागली.

त्याने भोकावर अंगठा ठेवला. धार थांबली, पण शूरही थांबला. अंगठा काढला की पूर, ठेवला की वनवास. वरच्या टाकीची मुख्य चावी बंद करायला गच्चीवर जावं लागायचं आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असायची. बायको धावत खाली गेली. सेक्रेटरींनी किल्ली हातात घेतली आणि विचारलं, “हे दुरुस्तीत धरायचं की शोभेत?”

पाणी बंद झाल्यावर शूरने भोकात आधी साबण, मग टूथपेस्ट, मग भिंतीला लावायची पुट्टी भरली आणि वर आरसा टांगून दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तर झाकलेल्या भिंतीची किंमत किती असेल, असा त्याने हिशेब केला. पाणी सुरू केलं. आरसा कोरडा होता. शूर आरशात बघून हसला आणि आरशातला शूरही हसला. एकमत व्हायला आणखी काय लागतं?

दोन-तीन दिवसांनी खालच्या काकू वर आल्या. या वेळी त्यांनी कुणाचा हात धरला नाही.

“तुमच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय,” त्या दारातच म्हणाल्या.

शूरला ते लागलं. घर विकणाऱ्या माणसाने काही ऐकून घ्यावं, पण हे नाही. काकू, आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या व्यवहारात पाणी मुरलेलं नाही, असं तो ताठ मानेने म्हणाला.

“घराण्याचं मला माहीत नाही,” काकू म्हणाल्या, “माझ्या डोक्यावर टपकतंय.”

मग प्लंबर आला. प्लंबर चांगला मुरलेला होता. आल्या आल्या त्याने आरसा काढला आणि त्या भोकाकडे वाकून बघितलं, जखम बघून आधीच्या डॉक्टरचं नाव विचारतात त्या चेहऱ्याने.

“हे कुणी केलं?”

“आधीच्या मालकांनी,” शूर म्हणाला.

आधीचे मालक म्हणजे शूरचे वडील. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, की त्यांना ड्रिल धरता येत नव्हतं हे खरं, पण खोटंही बोलता येत नव्हतं.

प्लंबरने पाइप मोकळा करायला चार टाइल्स काढल्या. त्या चारांच्या आधाराने उभ्या असलेल्या बाकीच्या आपणहून आल्या. मग बेसिन आड येतंय म्हणून बेसिन काढलं, बेसिनला जागा हवी म्हणून कमोड काढला, आणि दोन्ही वस्तू हॉलमध्ये आणून ठेवल्या. शेवटी त्याने सांगितलं की पाइपाच्या वळणावरचा हा कोपर बदलायला लागेल, तो घेऊन पाच मिनिटांत येतो. प्लंबरची पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली असतात हे अजून कुणाला कळलेलं नाही. तो गेला, दिवस गेला, दुसरा दिवस गेला. फोन केला की तो म्हणायचा, “निघालोच.” आईची सोय समोरच्या शेजाऱ्यांकडे झाली. शूर आणि बायको काकूंकडे जात होते, सकाळची वेळ सोडून.

सेक्रेटरी स्वतः वर येऊन बघून गेले. चार उघड्या भिंती, भिंतीतून बाहेर डोकावणारे पाइप, बाकी काही नाही. ते बराच वेळ उंबरठ्यावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्या तत्त्वाला धरून राहिलो ते म्हातारपणी असं डोळ्यांसमोर खरं झालेलं बघायला मिळालं, याचं समाधान होतं.

“बोर्डावर मी काय लिहिलं होतं?” त्यांनी एवढंच विचारलं आणि ते जिना उतरून गेले.

महिना संपत आला होता. शिक्षिकाबाईंचा फोन येऊन गेला, की भाचा रोज विचारतोय, मी रोज त्याला थोपवतेय. आईने सुनेला सांगितलं की राहू दे आता, खिडकीतूनही बरंच दिसतं. शूरने पहिल्यांदाच जेवताना कुठल्याच विषयावर मत दिलं नाही. बायकोला त्याची काळजी वाटायला लागली.

आणि अशा वेळी एजंटचा फोन आला. गिऱ्हाईक घेऊन निघालोय, जिन्यात आहोत.

हॉलच्या मध्यभागी कमोड होता. बायकोने त्यावर फुलाफुलांची चादर टाकली आणि वर व्हिडिओतलं झाड ठेवलं. शेवटी झाड कामाला आलं. गिऱ्हाईक म्हणजे एक बाई आणि त्यांचे यजमान. यजमान थकलेले होते आणि चादर बघून त्या दिशेने निघाले. शूर हात पसरून मध्ये आला. “साहेब, तिथे नको. झाडाला सवय नाही.”

बाई मात्र इकडेतिकडे न बघता सरळ बाथरूमपाशी गेल्या. एजंटने दार उघडलं आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, “आणि हे...” पुढचा शब्द लावायला आत काहीच नव्हतं. एजंटने डोळे मिटले.

बाई आत गेल्या. बोटाच्या पेराने भिंत वाजवली. पाइपांवरून हात फिरवला. फुटलेल्या जागी वाकून बघितलं.

“हा एवढाच कसा फुटला?”

शूरकडे तीन उत्तरं तयार होती. वडिलांवर ढकलायचं, बिल्डरवर ढकलायचं, किंवा पाइपच इथे असा असतो म्हणायचं. तीनही तो विश्वासाने सांगू शकला असता. पण आई समोरच्या शेजाऱ्यांकडून परत येत होती. पॅसेजमध्ये भिंतीला धरून, एक पाऊल, थांबणं, मग दुसरं पाऊल.

“मी फोडला,” शूर म्हणाला. “ड्रिलने. आरसा लावत होतो.”

“आरसा कशाला?”

“बाथरूम मोठं दिसावं म्हणून. घर विकलं जावं म्हणून.”

बाईंनी यजमानांकडे बघितलं. यजमान झाडाकडे बघत होते.

“म्हणजे गंजून नाही फुटला,” बाई म्हणाल्या. “माणूस कच्चा आहे, पाइप पक्का आहे.”

मग त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या. त्यांनी ढीगभर घरं पाहिली होती. जिथे जावं तिथे बाथरूमला नवा रंग, नवे स्टिकर, आणि त्याखाली काय दडलंय कुणाला माहीत. बरं, त्यांना बाथरूम करायचं होतं आपल्या पद्धतीनं, आणि लोकांनी हौसेने चकाचक केलेलं फोडायचं त्यांच्या जिवावर येत होतं. इथे खाली एक चष्मेवाले गृहस्थ भेटले आणि म्हणाले, तिसऱ्या मजल्याने बाथरूम काढलंय. “तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, समजूतदार माणसं दिसतात. घेणाऱ्याचं काम वाचवून ठेवलंय.”

शूरची मान पुन्हा पूर्वीच्या जागी आली. “मुद्दामच काढलं,” तो म्हणाला.

बायकोने त्याच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

खालच्या काकूंचं टपकणं थांबवून द्यायचं, एवढ्या एकाच अटीवर व्यवहार पक्का झाला. नेमका तेव्हाच प्लंबर हातात कोपर घेऊन दारात उभा राहिला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, “पाच मिनिटं म्हटलं होतं ना?” सेक्रेटरींनी इमारतीतर्फे जो दाखला दिला त्यात एक वाक्य आवर्जून घातलं होतं. ‘विक्रेत्याने बाथरूम पूर्वसूचना देऊन काढलेले आहे.’ त्यात एका अक्षराची चूक नव्हती.

महिना संपायच्या आत ते तळमजल्यावर राहायला गेले. सासरे घर बघून गेले आणि जाताना, एक काम पूर्ण केलंत, असं म्हणाले. तेही न करता. आरसा शूरने सोबत आणला होता. तो नव्या बाथरूममध्ये दारासमोर टांगला गेला, प्लंबरच्या हातून. ड्रिल बायकोने मित्राला परस्पर देऊन टाकलं होतं.

पहिल्याच सकाळी शूर टॉवेल घेऊन बाथरूमपाशी आला तर दार लोटलेलं आणि आत नळाचा थेंब थेंब आवाज. आई खिडकीशी नव्हती, खोलीतही नव्हती. म्हणजे आत असणार. शूर खुर्ची टाकून बाहेर बसला. थोड्या वेळाने बायको येऊन शेजारी उभी राहिली. ऑफिसची वेळ झाली, टळली, पण म्हाताऱ्या माणसाला घाई करायची नाही, यावर त्यांचं एकमत होतं.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि गल्लीतून आई आत आली. एकटी. कपाळावर घाम, श्वास थोडा लागलेला. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, म्हणाली, आणि इथली माणसंसुद्धा चुकीचंच चालतात. मग तिला खुर्चीतला मुलगा दिसला.

“इथे का बसलायस?”

“तू आत आहेस ना,” शूर म्हणाला. “म्हणून थांबलोय.”

आईने लोटलेल्या दाराकडे बघितलं. पायातून वहाणा काढल्या.

“मी कुठली? त्या बाई असतील,” ती म्हणाली. “होऊ दे त्यांचं सावकाश.”